सासूबाईंचं नाक एक, नाक दोन

आधी कबूल करून टाकते, मग पोटभर हसा. तिसऱ्या मजल्यावर ती नवी सून आली ना, तिला पहिल्यांदा जिन्यात पाहिली तेव्हा तिच्या उजव्या हातात काळा मोजा होता. मोजा म्हणजे पुरता नाही हं. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट तेवढं झाकलेलं, बाकीची तीन बोटं उघडी. आता मी काय समजायचं? मी समजले, पोरीचा हात भाजलाय. आणि हात भाजलाय म्हणजे सासूनं आल्या आल्या कामाला जुंपलीय, दुसरं काय! संध्याकाळपर्यंत मी ही बातमी चार घरांत पोचवली, पाचव्या घरानं तिच्यात उकळतं तेल ओतलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मी मलमाची ट्यूब घेऊन वर हजर. पोरगी दारात उभी, डोळे बशीएवढे. म्हणाली, "काकू, भाजलं नाहीये. मी काचेवर चित्रं काढते. घामानं हात चिकटतो म्हणून हा मोजा." मागून सासूचा आवाज आला, "मलम कुणाला?" मी म्हटलं, "मलाच हो, गुडघ्याला," आणि आल्या पावली खाली. चार घरांत परत जाऊन बातमी मागे घ्यायला मात्र मला महिना लागला. पाचव्या घराला अजूनही खरं वाटत नाही.

माझं एवढंच. आता तिचं ऐका.

तिला घरात ससुली म्हणतात. नाव नवऱ्यानं ठेवलं, आणि ठेवून स्वतः जहाजावर निघून गेला; तो इंजिनरूममध्ये कामाला, सहा महिने पाण्यावर, दोन महिने घरी. ससुली का, तर बाई सशासारखी भित्री. दाराची बेल वाजली की आधी दचकणार, मग उठणार. अनोळखी नंबरचा फोन आला की तो वाजून वाजून थकेपर्यंत उशीखाली दाबून ठेवणार. मांजर आडवं गेलं तर थांबायची, पण ते मांजर घाबरू नये म्हणून. असं भिण्यातसुद्धा तिचं सगळं रीतसर असायचं.

खिडकीजवळ तिचं टेबल. टेबलावर कॉम्प्युटरला जोडलेली, पाटीसारखी तिरपी ठेवलेली काच, तिच्यावर ती जाड पेनानं काढायची आणि काढलेलं काचेतच उमटायचं. पोटापाण्यासाठी ती औषधांच्या पत्रकांवरची चित्रं काढायची: एक पोट, पोटात बाण, बाणाच्या टोकाशी गोळी. पण स्वतःचं म्हणून ती जे काढायची, ते वेगळंच होतं. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी काही चित्रकारांनी म्हणे वैतागून ठरवलं, की एखाद्या वस्तूची एकच बाजू दाखवणं ही अर्धी थाप आहे. मग त्यांनी किटली म्हणू नका, गिटार म्हणू नका, बाई म्हणू नका, जे समोर येईल ते चित्रात फोडलं आणि पुढची, मागची, वरची बाजू एकाच वेळी मांडून ठेवली. कुणी चित्रात वर्तमानपत्राचे तुकडे चिकटवले, कुणी नुसते चौकोन रंगवले आणि निवांत झोपले. ससुलीनं हे सगळं वाचलं होतं, पाहिलं होतं, चार वर्षं त्याच्यावर डोळे फोडले होते. ती भित्री खरी, पण काचेवर पेन टेकलं की अशी काही फोडाफोड करायची की बघणाऱ्यानं दोन पावलं मागं सरावं.

सासूबाईंना हे कळायचं नाही असं नाही. त्या नकाशा-कचेरीत तीस वर्षं अनुरेखिका होत्या. म्हणजे मूळ नकाशावर पारदर्शक कागद ठेवायचा आणि रेघ न् रेघ जशीच्या तशी उतरवायची. नदी वळली तर वळायचं, संपली तर थांबायचं. निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली तरी भाजी चिरतानासुद्धा त्यांची जीभ दातांत असायची, रेघ चुकू नये म्हणून.

"हे काय आहे?" एकदा त्यांनी सुनेच्या खांद्यावरून विचारलं होतं.

"बाई आहे, आई. टेबलाशी बसलेली."

"मला वाटलं सुरई. कुणाच्या हातून पडली?"

"पडली नाही, मीच..."

"तूच पाडलीस होय. मग ठीक आहे." आणि गेल्या.

ती बाई म्हणजे त्याच होत्या, हे मात्र ससुलीनं सांगितलं नाही. सांगायची छातीच झाली नाही.

इथंच सगळी गडबड आहे. तेव्हा जरा नीट सांगते. काचेवरचं चित्र एका कागदावर नसतं. एकावर एक पारदर्शक कागद ठेवावेत तसे त्याचे थर असतात, लेयर म्हणतात त्याला. एका लेयरवर हात, एकावर सावली, एकावर खुर्चीचा पाय. प्रत्येक लेयरपुढे एक बारीकसा डोळा असतो. डोळा मिटला की तो थर दिसेनासा होतो, उघडला की दिसतो. मशीन त्यांना नुसते आकडे देतं. ससुलीला आकडे लक्षात राहायचे नाहीत, म्हणून ती नावं द्यायची. आणि माणसानं एकांतात दिलेली नावं कशी असतात, ते मी तुम्हाला काय सांगू! 'सासूबाईंचं नाक एक.' 'सासूबाईंचं नाक दोन, रागावलेलं.' 'हनुवटी, नाही म्हणणारी.' 'डावा कान, सोयीनं ऐकणारा.' असे एकशे त्रेचाळीस थर.

तर हे चित्र तिनं डोळ्यांच्या एका इस्पितळाकडे पाठवलं. इस्पितळाचं नवं दालन बांधून झालं होतं, त्याच्या मोठ्या भिंतीसाठी चित्र हवं होतं. अटी दोन होत्या: तयार चित्र पाठवायचं, आणि सगळ्या थरांसकट मूळ फाइल पेन ड्राइव्हवर घालून पाकिटात बंद करून द्यायची. पाकीट गरज पडली तरच उघडणार, असं लिहिलं होतं. ससुलीनं पाकीट डिंकानं चिकटवलं, वर चिकटपट्टी मारली, चिकटपट्टीवर सही केली. घरी आली. आणि मग तिला भीती वाटली, की घरातल्या कॉम्प्युटरवर ती फाइल सासूबाईंनी उघडली तर? त्यांनी तर हल्ली 'दाखव की जरा' सुरू केलं होतं. तेव्हा तिनं घरची मूळ फाइल पुसून टाकली. कायमची. कॉम्प्युटरनं दोनदा विचारलं, नक्की ना? तिनं दोनदा सांगितलं, नक्की.

चार महिन्यांनी चित्र निवडलं गेलं. बारा फूट लांब छापणार, खाली तिचं नाव. तिचं नाव आजवर कशाच्या खाली आलं नव्हतं; औषधाच्या पत्रकावर कुणाचं येतं! ती दोन दिवस जमिनीला पाय न लावता घरात फिरली.

तिसऱ्या दिवशी पत्र आलं.

पत्र फार सभ्य होतं, म्हणून जास्तच भयंकर वाटलं. निवड समितीतल्या एका सदस्यांना असं वाटतं, की हे चित्र एखाद्या जुन्या चित्राची नक्कल असावं, किंवा मशीनला चार शब्द सांगून तयार करून घेतलेलं असावं. तरी शुक्रवारी सकाळी अकरा वाजता आपल्यासमोर पाकीट उघडण्यात येईल. समाधान न झाल्यास निवड रद्द करून तसं जाहीर करण्यात येईल.

तसं जाहीर. म्हणजे चोर म्हणून. ससुली पत्र हातात घेऊन स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसली.

पहिली भीती तुम्हाला कळलीच असेल: पाकीट उघडलं की नाक एक आणि नाक दोन चारचौघांत बाहेर. पण त्याखाली दुसरी होती, आणि ती खरी. ससुलीची एक सवय होती. नवं चित्र सुरू करताना ती सगळ्यात खालच्या थरावर कुठलंतरी जुनं, नावाजलेलं चित्र पुसट करून ठेवायची. त्याची नक्कल करायला नाही. वजन कुठं पडतं, डोळा कुठून आत शिरतो ते बघायला. पोहायला शिकताना कठडा धरतात ना, तसं. चार रेघा जमल्या की तो थर काढून टाकायचा. त्या थराला ती नेहमी एकच नाव द्यायची: 'बघू नको.'

या चित्रातला 'बघू नको' काढला होता का?

आठवेना. त्या चित्राला बसली तो दिवस आठवत होता. तळाशी ठेवलेलं जुनं चित्र आठवत होतं. तपकिरी, कोनाकोनांचं, त्यातली ती बसलेली बाई. काढून टाकल्याचं काही केल्या आठवेना. आणि बघायला फाइल कुठं होती? ती पाकिटात, पाकीट इस्पितळाच्या कपाटात, घरची तिनं आपल्या हातानं पुसलेली. समितीनं तळाचा डोळा उघडला आणि तिथं ती तपकिरी बाई बसलेली निघाली, तर कठड्याची गोष्ट कोण ऐकून घेणार?

त्याहून वाईट म्हणजे तिला स्वतःचीच खात्री वाटेना. चार वर्षं दुसऱ्यांची चित्रं बघून बघून हाताला जे वळण लागलं, ते आपलं की त्यांचं? ती रेघ माझ्या पोटातून आली की तिकडून? बुधवारभर तिनं काचेवर पेन टेकवलं नाही. टेकवलं आणि आलेली रेघ ओळखीची निघाली तर, या धास्तीनं.

नवऱ्याचा फोन आला तेव्हा मागं इंजिनाची घरघर. "अगं, खरं ते सांग, सुटशील."

"खरं काय ते मलाच माहीत नाही."

"म्हणजे चोरी केलीस?"

"नाही! म्हणजे... नाही ना?"

"हे तू मला विचारतेस?" तो हसला, तेवढ्यात फोन कटला. समुद्रावर रेंज अशीच जाते, पण ससुलीला वाटलं, त्यानंसुद्धा ठेवून दिला.

गुरुवारी सासूबाईंनी पत्र वाचलं. लपवलं होतं डब्यांच्या मागं. पण त्या घरात डब्यांमागं लपवणं म्हणजे सूचना-फलकावर लावणंच.

"मी येते उद्या," त्या म्हणाल्या.

"नको आई! कशाला? तिथं बसायला जागा नसते."

"इस्पितळात बसायला जागा नसते? अख्खं इस्पितळ बसायलाच असतं."

"कंटाळाल हो."

"तीस वर्षं कचेरीत काढली. मला कंटाळ्याची भीती घालतेस?"

"तिथं सगळं कॉम्प्युटरवरचं असतं, तुम्हाला..."

"कळणार नाही?" सासूबाईंनी चष्म्यावरून पाहिलं. हनुवटी वर गेली. तीच ती, नाही म्हणणारी. "ससुले, पत्रात नक्कल हा शब्द लिहिलाय. या घरात नकलेतलं माझ्याइतकं कुणाला कळतं?"

पुढं बोलण्यात अर्थ नव्हता. खरं सांगून टाकावं, असं ससुलीच्या मनात तीनदा आलं. आई, उद्या तिथं तुमचं नाक निघणार आहे. तीनदा ती तोंड उघडून गेली आणि तीनदा 'चहा घेता का?' असं विचारून परत आली. तिसऱ्या कपाला सासूबाई म्हणाल्या, "चहात पोहायला पाठवतेस का मला?"

शुक्रवारी अकराला दहा कमी असताना दोघी इस्पितळाच्या बैठकीच्या खोलीत. लांब टेबल, भिंतीवर मोठा पडदा, पडद्याशेजारी अक्षरांचा तक्ता. वरचं अक्षर डोक्याएवढं, खालची ओळ मुंगीएवढी. समोर तिघं. एक इस्पितळाच्या मोठ्या डॉक्टरीणबाई, घाईत. दुसरे छापखान्याचे मालक; जे दिसेल ते मोठ्यानं वाचायची त्यांना धंद्यातली सवय. आणि तिसरे निवृत्त ड्रॉइंगसर, ज्यांना शंका आली होती ते. सर वाईट नव्हते हो. उलट फार प्रामाणिक. आणि प्रामाणिक माणसाची शंका म्हणजे पाठच सोडत नाही.

"तुम्ही आधुनिक कलेचा अभ्यास केलेला दिसतो," सर म्हणाले.

"हो," असं ससुली म्हणाली. निदान ओठ तरी तसे हलले.

"चित्रात तो इतका दिसतो की चित्रकार दिसत नाही, असं मला वाटलं. चुकत असेन तर दाखवा. मला आवडेल चुकायला."

पाकीट आलं. चिकटपट्टीवरची आपली सही ससुलीला परक्या माणसाची वाटली. छापखानेवाल्यांनी कात्री घातली. पेन ड्राइव्ह लागला. पडद्यावर चित्र आलं आणि त्याच्या उजवीकडे थरांची यादी, वरून खाली, वीतवीत अक्षरांत. ससुलीनं दोन्ही हात मांडीखाली घालून त्यांवर बसकण मारली, कारण त्यांच्यामुळं टेबलावरची पाण्याची बाटली वाजायला लागली होती.

"वाचतो हं," छापखानेवाले म्हणाले, जणू कुणी आग्रह केला होता. "खुर्चीचा पाय. खुर्चीचा पाय, खोटा. टेबलाची कड. स्वेटर, निळा. सावली. सासूबाईंचं नाक एक."

त्यांनी चष्मा वर सारला आणि पुढं वाचलं.

"सासूबाईंचं नाक दोन, रागावलेलं. हनुवटी, नाही म्हणणारी. डावा कान, सोयीनं ऐकणारा. सासूबाई गप्प, कंसात दुर्मिळ..."

डॉक्टरीणबाईंनी खोकल्याचं निमित्त करून तोंड रुमालात घातलं. ससुली शेजारच्या खुर्चीकडे बघूच शकत नव्हती. नुसता श्वास ऐकू येत होता, नाकातून आत, नाकातून बाहेर, आणि तेही मोजूनमापून. भूकंपाआधी कुत्री गप्प होतात म्हणतात. तिला वाटलं, आता जमीन दुभंगली तर बरं, निदान खाली कुठंतरी जायला मिळेल.

"मशीननं केलं नाही हे तर उघडच आहे," डॉक्टरीणबाई कशाबशा म्हणाल्या. "मशीनला सासू नसते."

"पण नक्कल?" सर पुढं झुकले. त्यांनी हसण्यात भाग घेतला नव्हता. "खाली जा. अगदी खाली. लोक तळाशी ठेवतात मूळ चित्र. मी पाहिलंय."

यादी सरकू लागली. एकशे दहा. नव्वद. साठ. ससुली मनातल्या मनात पुटपुटत होती. नसू दे. काढलेला असू दे. एवढ्या वेळा मी नको तितकी काळजी घेते, त्या दिवशी पण घेतलेली असू दे. वीस. आठ. तीन.

"बघू नको," छापखानेवाल्यांनी वाचलं आणि थबकले. "मला म्हणतायत का?"

होता. तळाशी होता, डोळा मिटून बसलेला. ससुलीला खोलीतल्या वस्तू लांब गेल्यासारख्या दिसू लागल्या. टेबल लांब, पडदा लांब, सर एखाद्या बोगद्याच्या पलीकडच्या तोंडाशी.

"उघडा," सर म्हणाले. हळूच म्हणाले. त्यांनाही नको होतं ते.

"नको," ससुली म्हणाली. त्या सकाळचा तिचा पहिला ऐकू येणारा शब्द, आणि तोही कसला! जे व्हायचं तेच झालं. सगळ्यांनी तिच्याकडे असं पाहिलं, की आता काय उरलं. छापखानेवाल्यांनी वरचे सगळे थर मिटले आणि तळाचा डोळा उघडला.

तपकिरी बाई नव्हती.

एक फोटो होता. घरचा, खिडकीजवळचा, चोरून दारातून काढलेला. टेबलाशी बसलेली बाई, पाठ कॅमेऱ्याकडे, मान वळवून कुणावरतरी ओरडायच्या बेतात. नाक बाजूनं स्पष्ट. जीभ अजून दातांत. अंगात स्वेटर.

ससुली बघत राहिली. मग एकेक करून आठवलं. जुनं चित्र तिनं ठेवलं होतं खरं, पण पहिल्या दिवशी. त्यावर काही जमेना, म्हणून चिडून फाइलच टाकून दिली होती, आणि दुसऱ्या दिवशी नवीन उघडून हा फोटो ठेवला होता. भीतीनं तिला पहिला दिवस अख्खाच्या अख्खा दिला होता आणि दुसरा गिळून टाकला होता. भीतीचा हिशेब असाच असतो, वाईट तेवढं जमा.

"या कोण?" सरांनी विचारलं.

शेजारची खुर्ची मागं सरकली. करकर आवाज झाला, ससुलीच्या पाठीतून गेला.

"मी," सासूबाई म्हणाल्या. त्या पडद्याशी जाऊन उभ्या राहिल्या, पाठ वळवली, मान फिरवली. "हे नाक एक." मग ससुलीकडे पाहिलं. "आणि हे दोन."

दोन फारच चांगलं जमलं होतं. ससुली खुर्चीत आणखी खाली सरकली.

"आता नक्कल," सासूबाई सरांकडे वळल्या. "मी तीस वर्षं नकला केल्यात साहेब. सरकारी शिक्क्याच्या. आमच्याकडे उतरवलेल्या नकाशात उतरवणारीचा हात दिसला ना, रेघ जरा कुठं लाडात आली, की साहेब कागद फाडायचे आणि परत करायला लावायचे. माझे पहिल्या वर्षी अकरा फाडले. नकलेत करणारा दिसता कामा नये. ते वरचं सगळं उघडा हो परत." छापखानेवाल्यांनी निमूटपणे उघडलं. सासूबाईंनी पडद्याला नाक लावून वरपासून खालपर्यंत चित्र पाहिलं. पहिल्यांदाच नीट पाहत होत्या. बराच वेळ. "इथं बघा. इथं. या सावलीत. सगळीकडे हीच दिसतेय, घाबरून घाबरून रेघ दोनदा मारते ती. ही नक्कल असेल तर दर इंचाला फाडायच्या लायकीची आहे. एकही रेघ मुळाशी जुळत नाही. माझं नाक असं आहे का? एवढं लांब?"

सरांनी नाकाकडे पाहिलं, पडद्याकडे पाहिलं, पुन्हा नाकाकडे. मग खुर्चीत मागं टेकले. "मी चुकलो," ते ससुलीला म्हणाले, आणि खरंच बरं वाटल्यासारखे दिसले. "बाई, मी तुमची माफी मागतो. मला तुमच्या चित्रात पुस्तकं दिसली. या सासूबाई दिसायला हव्या होत्या."

डॉक्टरीणबाईंनी कागदावर सही केली. छापखानेवाले मापं बोलू लागले, बारा फूट बाय पाच. ससुलीचे हात मांडीखाली बधिर झाले होते, ते तिनं बाहेर काढले. सुटका झाली होती, पण अर्धीच. कारण समितीचं संपलं होतं. सासूबाईंचं राहिलं होतं.

त्या अजून पडद्यासमोरच उभ्या होत्या.

"फोटो चोरून काढलास," त्या म्हणाल्या.

"हो."

"'सोयीनं ऐकणारा'?"

ससुलीनं मान खाली घातली.

"ते नंतर घरी बघू. आधी हे सांग, त्या यादीत माझा स्वेटर निळा का लिहिलास? बाकी फोड, तोड, नाक ताण, तुमच्या त्या शंभर वर्षांपूर्वीच्या लोकांनी परवानगी दिलीय तुला. पण हिरव्याचा निळा? हा स्वेटर मी स्वतः विणलाय. हिरवी लोकर मी स्वतः दुकानात उभी राहून निवडलीय."

आता गंमत बघा. जी पोरगी 'हो' म्हणायला घाबरत होती, तिची मान वर आली.

"आई, तो निळाच आहे."

"हिरवा."

"निळा आहे, आई."

"ससुले, मला रंग शिकवतेस? नकाशात जंगल हिरवं आणि पाणी निळं, तीस वर्षं वेगळं ठेवलंय मी."

"तेव्हा ठेवलं असेल." ती उठली. पडद्यापाशी गेली, छापखानेवाल्यांच्या हातातून माउस घेतला, वरचे थर मिटून फोटो पुन्हा उघडा केला. "हे बघा. हा ड्रॉपर. फोटोतल्या कुठल्याही ठिपक्यावर ठेवला की तो त्या ठिपक्याचा रंग आकड्यांत सांगतो. बाहीवर ठेवते." ठेवला. "लाल बावीस. हिरवा पंचेचाळीस. निळा एकशे साठ."

"उजेड खोटा पडलाय."

"खांद्यावर ठेवते. निळा एकशे पंचावन्न. कॉलर. एकशे बासष्ट."

"मशीन बिघडलंय."

"मग यांना विचारा."

छापखानेवाले म्हणाले, "निळा." सरांनी आधी चष्मा पुसला, मग म्हणाले, "निळा हो." डॉक्टरीणबाई सासूबाईंच्या अगदी समोर आल्या, हनुवटी दोन बोटांनी उजेडाकडे वळवली आणि म्हणाल्या, "आजी, तो डोळा जरा झाका. आता या डोळ्यानं सांगा."

सासूबाईंनी एक डोळा झाकला. मग दुसरा. पुन्हा पहिला.

"उजव्यात मोतीबिंदू चांगलाच धरलाय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "डाव्यात सुरुवात आहे. निळे रंग असेच पिवळट, हिरवट दिसायला लागतात. साधं ऑपरेशन आहे. आज तपासूनच जा."

सासूबाईंनी पडद्याकडे पुन्हा एकदा पाहिलं. मग हनुवटी वर गेली.

"निळसर असेल," त्या म्हणाल्या.

"निळसर नाही, आई," ससुली म्हणाली. "निळा."

"बरं बाई. निळा."